पगारी नगरसेविका

प्रमिलावहिनींना शाल पांघरवायला गेलेला माणूस ती शाल तशीच घडी करून घरी आणतो, हे आमच्या वस्तीत सगळ्यांत आधी मला कळलं. कारण सगळ्यांत आधी मीच गेलो होतो. वहिनी महापालिकेवर निवडून आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी सीताबर्डीवरून घासाघीस करून शाल आणलेली, नारळ आणलेला, चार ओळींचं भाषण आरशासमोर उभं राहून पाठ केलेलं. "समाजसेवेचा हा वसा..." इथपर्यंत पोचलो आणि वहिनींनी हात वर केला.

"थांबा भाऊजी. तुम्ही खापरखेड्याले नोकरीवर होते, तवा पगार झाला की लोकं तुम्हाले शाल द्यायचे काय?"

"नाही."

"मंग मले काहून देऊन राहिले?"

"वहिनी, ती नोकरी होती. ही समाजसेवा आहे."

"कोण म्हणते? महापालिका मले महिन्याचं मानधन देणार हाय. ड्यूटी हाय ही माही. नीट केली नाही तं या मले बोलाले. आज शाल दिली, की उद्या तुमची जीभ उचलणार नाही. घेऊन जा ते. नारळ मात्र राहू द्या, चटणीले होते."

शाल घेऊन घरी आलो तर बायको दारातच म्हणाली, "कपाटात जागा करूनच ठेवली होती."

वहिनी म्हणजे आमच्या निमजेची बायको. निमजे आणि मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात एकाच पाळीत होतो. तो अचानक गेला, आणि वहिनींनी धंतोलीतल्या दवाखान्यांत डबे पोचवायला सुरुवात केली. यवतमाळहून, गडचिरोलीहून, कुठून कुठून पेशंट तिथं येतात. पेशंटला डॉक्टर पाहतात. पण त्याच्याबरोबर आलेल्या, पायरीवर बसून राहिलेल्या माणसानं काय खायचं? त्यांचं वहिनी पाहायच्या. प्रताप नगरच्या पलीकडच्या आमच्या वस्तीतून सकाळी डब्यांच्या पिशव्या लटकवलेली त्यांची स्कूटी निघाली, की मागं फोडणीचा वास रेंगाळायचा.

त्या राजकारणात आल्या त्यात कुणाचीच दूरदृष्टी नव्हती. जागा बायकांसाठी राखीव झाली. ज्यांच्या बायकांना तिकीट हवं होतं त्या दोन पुढाऱ्यांत जुंपली, आणि भांडण मिटावं म्हणून पक्षानं तिसरंच नाव पुढं केलं. सगळ्यांना वाटलं, ही बाई पडणार. मी तर पैजही लावली होती. त्या पडतील अशी. त्या निवडून आल्या आणि मला जुन्या पाळीतल्या अर्ध्या लोकांना तर्री-पोहे खाऊ घालावे लागले.

निवडून आल्याबरोबर त्यांनी डबे बंद केले. मी समजवायला गेलो. "वहिनी, मानधनात काय भागणार? धंदा चालू ठेवा. सगळेच नगरसेवक काहीतरी करतात."

"दोन ड्यूट्या केल्या की एकीत चोरी होते," वहिनी म्हणाल्या. "मले चोरी नाही करायची."

तेव्हापासून मानधन खात्यात जमा झालं, की त्या आठवड्याच्या रविवारी समाजभवनासमोर खुर्च्या मांडायच्या आणि मधोमध स्वतः बसायच्या. ह्याला त्या 'हजेरी' म्हणत. कुणीही यावं, महिनाभरात काय केलं ते विचारावं. एकदा एक जण तुंबलेल्या नालीवरून त्यांना वाटेल ते बोलत होता. मला राहवलं नाही. मी मध्ये पडलो, "अरे, जरा मान ठेवून बोल बाईमाणसाशी!" तर वहिनी माझ्यावरच उखडल्या.

"बोलू द्या त्याले. घरटॅक्स तो भरते, तुम्ही काहून मंधात येऊन राहिले?"

घरटॅक्स मीही भरतो, हे सांगायचं त्या क्षणी सुचलं नाही. मला उत्तरं घरी गेल्यावर सुचतात.

आणि कुणी हात जोडून "ताई, लई उपकार झाले" म्हणालं, की वहिनींचं ठरलेलं होतं: "उपकार कायचे? पगार भेटते मले." लोकांना ते आवडायचं नाही. माणसाला उपकार झाल्यासारखं वाटलं की बरं वाटतं. काम झालं, तेही हक्कानं झालं, आणि आभारसुद्धा परत मिळाले, हे जरा अळणी लागतं.

त्याच सुमारास मी माझ्या आयुष्यातला एक गाजलेला पराक्रम केला. मोबाइलवर एक मजकूर आला: आमदार, खासदार, नगरसेवक या सगळ्यांचे पगार, भत्ते, पेन्शन बंद करा, देशभक्त असाल तर पुढे पाठवा. मी देशभक्त असल्यामुळे वस्तीच्या ग्रुपवर पाठवला. वर स्वतःचं एक वाक्यही जोडलं: 'सेवा करायची तर फुकट करा!' त्या ग्रुपमध्ये वहिनी आहेत हे लक्षात आलं तोवर अकरा जणांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वहिनी घरी आल्या. चहा घेतला. माझ्या बायकोशी लोणच्याबद्दल बोलल्या. उठता उठता मला म्हणाल्या, "भाऊजी, खापरखेड्याले तुम्हाले रात्रपाळीचा भत्ता होता नं?"

"होता."

"अन् कपडे धुवायचा?"

"धुलाई भत्ता. होता की. युनियनमधून भांडून घेतला होता आम्ही."

"कपडे कोण धुवायचं?"

माझी बायको आतून म्हणाली, "मी!" एवढ्या जोरात ती लग्नातही 'हो' म्हणाली नव्हती.

"मंग तो भत्ता खाऊन तुम्ही वीज फुकट सोडली काय लोकाइले?" वहिनी हसल्या आणि गेल्या. मी तो मजकूर ग्रुपवरून काढून टाकला. त्यामुळे 'हा मजकूर काढून टाकण्यात आला आहे' अशी ओळ तिथं आली आणि ज्यांनी वाचला नव्हता तेही मला विचारायला लागले.

गंमत अशी, की जे लोक भत्ते बंद करा म्हणत होते तेच वहिनींच्या दारात सगळ्यांत जास्त मागायला यायचे. नगरसेवक म्हटला की लग्नात भारी आहेर हवा, क्रिकेटला चषक हवा, देवीच्या यात्रेला बस हवी. मी स्वतः गणपती मंडळाचा अध्यक्ष म्हणून पावतीपुस्तक घेऊन गेलो. मनात मांडवाचा अख्खा खर्च त्यांच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो. वहिनींनी शेजारच्या घरानं दिली तेवढीच वर्गणी दिली.

"वहिनी, नगरसेविका तुम्ही! निदान मंडप तरी."

"माह्या पगारात मंडप बसत नाही भाऊजी. ज्याच्या बसते, त्याले एक डाव विचारून पाहा, तुह्या पगारात कसा बसते गा?"

ज्याच्या बसत होता, तो माणूस आम्हाला ठाऊक होता. बबनभाऊ. शेतं घेऊन त्यांचे लेआउट पाडून विकायचे, हा त्यांचा धंदा. मंडप त्यांनी दिला. वर कमानही दिली, आणि कमानीवर स्वतःचा फोटो, गणपतीच्या फोटोहून थोडासाच लहान. मी त्यांना शाल पांघरवली. कपाटात पडलेलीच होती.

मुदत संपली, महापालिकेवर प्रशासक आला, नगरसेवक उरले नाहीत आणि मानधनही उरलं नाही. वहिनींनी दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा डबे सुरू केले. निवडणूक लांबत गेली. होता होता ती एकदाची लागली, तेव्हा वहिनींनी ठरवलं होतं: पुन्हा उभं राहायचं, निवडून यायचं, डबे बंद करून पूर्ण वेळ ते काम करायचं. अर्धवट राहिलेली नालीची लाइन त्यांच्या डोक्यातून जात नव्हती.

पक्षाच्या मुलाखतीला सोबत म्हणून मी गेलो होतो. टेबलापलीकडे तिघं बसलेले. मधल्यानं विचारलं, "ताई, किती लावू शकता निवडणुकीत?"

"पार्टी किती लावते?" वहिनींनी विचारलं.

तिघंही हसले. मीही हसलो, पुढाऱ्यांबरोबर हसायची मला सवय आहे.

"हसून काहून राहिले? पार्टीजवळ पैसा नाही म्हणून तुम्ही मले हे विचारता. मंग ज्याच्याजवळ पैसा हाय त्यालेच तिकीट भेटते, अन् पार्टी त्याची होऊन जाते. मी तं म्हणते, सरकारनं उजागरीनं पैसे द्यावे पार्ट्याइले, अन् उजागरीनं हिशोब मागावा. मंग तुम्हाले लोकाइच्या खिशात पाहाची पाळी येणार नाही."

"ताई, विचार चांगला आहे," मधला म्हणाला. चांगला विचार आहे असं म्हटलं की मुलाखत संपली, हे मला कळतं. तिकीट बबनभाऊंना मिळालं. या वेळी जागा राखीव नव्हती. वहिनी अपक्ष उभ्या राहिल्या, आणि बबनभाऊंनी पहिल्याच सभेत जाहीर केलं: निवडून आलो तर मानधनाचा एक रुपया घेणार नाही. देवाच्या दयेनं मला काही कमी नाही.

काय टाळ्या पडल्या! घराघरांत तेच. "माणूस बघा कसा, पैशाला शिवत नाही." वहिनींच्या मागं फिरणाऱ्या बायकाही कुजबुजायला लागल्या. एका म्हातारबुवांनी तर मला थांबवून सांगितलं, "तुमच्या ताईले म्हणा, तू बी सोडून दे म्हणा. निवडून येशील."

मला ते पटलं. मला बहुतेक सगळंच पटतं, शेवटी बोललेल्या माणसाचं जास्त. आमची शेवटची कोपरासभा होती. प्रास्ताविक माझ्याकडे. समोर खुर्च्या भरलेल्या, माइक हातात आला आणि माझ्या अंगात संचारलं. मी म्हणालो, "बंधू-भगिनींनो, आज मी एक आनंदाची बातमी देतो. प्रमिलाताईंनी संकल्प केला आहे, की निवडून आल्यावर त्याही मानधनाचा एक रुपया घेणार नाहीत!"

टाळ्या. शिट्ट्या. कुणीतरी फटाक्यांची लड लावली. मी मागं वळून वहिनींकडे पाहिलं, शाबासकीसाठी. त्या उठल्या, माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि लड संपेपर्यंत शांत उभ्या राहिल्या.

"भाऊजी आपले हाय," त्या म्हणाल्या. "पण आता बोलले ते खरं नाही. मी मानधन घेईन. पुरं घेईन. माह्या घरी दुसरी कमाई नाही. डबे बंद करीन अन् त्या पैशावर जगीन. बबनभाऊ फुकट काम करतो म्हणते. करू द्या. पण उद्या नळाले पाणी आलं नाही, तं त्याले बोलाले कोणत्या तोंडानं जासान? ज्याच्या मांडवात जेवलो, त्याले जाब विचारता येते काय? मले विचारा. तुम्ही माह्या पैशानं नाही जेवत, मी तुमच्या पैशानं जेवते."

मागून एक जण ओरडला, "पैशाची एवढी हाव हाय तं डबेच विक नं वं!"

"विकतेच नं! ये तू. कोणी बबनभाऊ तुले दोन पोळ्या वरून फुकट टाकतो म्हणते. मी नाही टाकत. तुह्या पैशाच्या तेवढ्या देईन, पण गरम देईन."

थोडे हसले. बरेच उठून गेले. मी त्या वेळी मंचाच्या मागं जाऊन वायर गुंडाळत होतो. ती वायर चालू माइकची होती, हे वहिनींचा आवाज बंद पडल्यावर कळलं. शेवटची दोन वाक्यं त्या बिनमाइकच्या बोलल्या. तरी ऐकू आली.

वहिनी पडल्या. निकालाच्या दिवशी मी तोंड पाडून त्यांच्याकडे गेलो. त्या कणीक मळत होत्या.

"वहिनी, माझ्यामुळं झालं."

"तुमच्यात एवढी ताकद असती भाऊजी, तं मंडळाचे अध्यक्ष व्हायच्या आधी दोन डाव पडले नसते. बसा."

"मी बोललो ते तसंच राहू दिलं असतं, तर तुम्ही निवडून आला असता."

"आली असती. अन् जगली कशावर असती? कोणाच्या तरी पैशावर. मंग तो एक दिवस फोन करते, ताई, त्या लेआउटच्या नालीकडे पाहू नका. मंग पाहता येते काय?" त्यांनी गोळा परातीत आपटला. हरल्याचं दुःख नव्हतं असं नाही. डोळे लाल होते. पण दुसऱ्या दिवशीचे डबे वेळेवर गेले.

उन्हाळा लागला. टाकीचं पाणी उताराकडच्या गल्ल्यांपर्यंत पोचेना. मी ज्येष्ठ नागरिक म्हणून शिष्टमंडळ घेऊन बबनभाऊंच्या ऑफिसात गेलो. गार हवा, मऊ सोफे, कैरीचं पन्हं. बबनभाऊ अगदी गोड बोलले. "काका, तुमची अडचण समजते. पण मी काही पगारी माणूस नाही. धंद्यातून सवड काढून सेवा करतो. थोडं सांभाळून घ्या." आम्ही सांभाळून घेतलं. निघताना मी त्यांचे आभारही मानले. घरी बायकोनं विचारलं, "पाण्याचं काय म्हणाले?" मी म्हणालो, "पन्हं छान होतं." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि पाणी मीच भरलं.

बायकांची शिष्टमंडळंही तशीच गेली आणि तशीच पन्हं पिऊन आली. शेवटी त्या सगळ्या वहिनींकडे गेल्या. "ताई, तुम्हीच काही करा नं."

"मी काय करू? मी हरली. नगरसेवक तो हाय," वहिनी म्हणाल्या. "पण मलेही डबे घासाले पाणी लागते. चला. आज मात्र कोणी पन्हं प्यायचं नाही."

मी मागं मागं गेलो. आत शिरल्याबरोबर बबनभाऊ उठून उभे राहिले. "ताई, या या! पाण्याचंच ना? बोलतो मी इंजिनियरशी."

"पाण्याचं मंग," वहिनी म्हणाल्या. "आमची आधी दुसरी मागणी हाय. तुम्ही मानधन घ्या."

बबनभाऊंना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मलाही तसंच वाटलं.

"काय घेऊ?"

"मानधन. महापालिका देते नं महिन्याचं, ते घ्या."

"अहो ताई, देवाच्या दयेनं मला त्याची गरज नाही."

"तुम्हाले नाही जी. आम्हाले गरज हाय."

मग मागच्या एकीला धीर आला. "खरं हाय भाऊ. फुकटच्या माणसाले बोलता येत नाही. मी भांडाले म्हणून आली होती, तं आभार मानून गेली."

"म्हणजे," बबनभाऊ सावकाश म्हणाले, "मी पैसे घेतले, की तुम्ही मला शिव्या देणार?"

"हो!" सगळ्या एकदम म्हणाल्या.

"शिव्या नाही," वहिनींनी दुरुस्त केलं. "बोलू. रोज बोलू. तुम्ही हो म्हणत नाही तोवर आम्ही इथंच बसतो. माहे डबे वाटून झाले, वेळ हाय माह्याजवळ." आणि त्या सोफा सोडून खाली फरशीवर बसल्या. बाकीच्याही बसल्या. पन्ह्याचा ट्रे आला आणि भरलेलाच परत गेला.

त्या दुसऱ्या दिवशीही डबे वाटून येऊन बसल्या, तिसऱ्याही. प्लॉट पाहायला येणारी गिऱ्हाइकं विचारायची, "ह्या बाया काहून बसून राहिल्या?" मी दारात उभा राहून सांगायचो, "नगरसेवकाला पगार मिळावा म्हणून." गिऱ्हाइकं हसायची, पण दारातूनच परत फिरायची. वर्तमानपत्राचा एक मुलगा आला, त्यानं हसत हसत फोटो काढला. छापून आला तेव्हा बबनभाऊ हसले नाहीत. आठवडा उलटला आणि त्यांनी हात जोडले. "घेतो बाई, घेतो."

पण बबनभाऊ गुपचूप काहीच करत नाहीत. चौकात भलं मोठं फ्लेक्स लागलं: 'जनतेच्या आग्रहाखातर मा. बबनभाऊंनी मानधन स्वीकारले! हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांच्या रांगेत माझा फोटो. मला न विचारता लावलेला. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत उभा होतो. चांगला आला होता.

तेवढ्यात वहिनींची स्कूटी गेली. इतक्या सकाळी डबे जात नसत. मी मागं निघालो. स्कूटी बबनभाऊंच्या बंगल्यापुढं थांबली. उताराकडच्या गल्लीतल्या बायका फाटकाशी आधीच जमलेल्या. बबनभाऊ बनियनवर, खांद्यावर टॉवेल, दात घासता घासता बाहेर आले.

"ताई, तुम्ही? फ्लेक्स पाहिलं ना? या, चहा घ्या."

"चहा राहू द्या जी," वहिनी म्हणाल्या. "सदरा घाला, चप्पल घाला. टाकीपाशी जायचं हाय."

"गाडी काढायला सांगतो."

"गाडी कायले? उतारापर्यंत पायी चला. कुठल्या घरापासून पाणी नाही, ते दिसते."

बबनभाऊंनी एकदा बंगल्याकडे पाहिलं, एकदा फाटकाशी उभ्या बायकांकडे. तोंड धुतलं. सदऱ्याच्या गुंड्या चालता चालताच लावल्या. वहिनी फाटक धरून उभ्या होत्या. त्यांनी बबनभाऊंना पुढं जाऊ दिलं.